उभं राहायची नोकरी आणि तीन इंची टाच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या लग्नसराईच्या पुरवणीत साडीवर कुठले सँडल घालावेत याचं पानभर मार्गदर्शन होतं, फोटो झकास, पण सगळेच्या सगळे जोड पेन्सिल हीलचे आणि खाली एक वाक्य की सुरुवातीला थोडं दुखतं पण नंतर सवय होते. त्या सवयीबद्दलच लिहायचंय, जमलं तर छापा.

सवय होते म्हणजे नक्की काय होतं हे कुणी सांगत नाही. आपण सपाट उभे असतो तेव्हा शरीराचा बराच भार टाचेवर असतो, टाच जितकी उचलाल तितका तो पुढे चवड्यावर सरकतो, आणि पुढून सँडल निमुळती असेल तर तो सगळा भार बोटं एकमेकांवर चेपलेल्या अवस्थेत झेलायचा. वर्षानुवर्षं रोज हेच चाललं की पोटरीचे स्नायू आखडतात, टाचेमागची शीर जाड आणि ताठर होते, मग घरात अनवाणी चाललं तरी पोटरी ओढल्यासारखी वाटते आणि बाई म्हणते मला ना हील्सशिवाय चालवतच नाही. ही तुमची सवय! अंगठ्याच्या मुळाशी हाड वर येतं, अंगठा शेजारच्या बोटावर चढायला लागतो, करंगळीवर कुरूप, घोटा मुरगळणं तर विचारूच नका. आणि डायबेटिस असलेल्या बायकांना तर पायाला फोड आलेला कळतही नाही कित्येकदा.

आता कुणी म्हणेल लग्नात चार तास घातले तर काय बिघडलं. काहीच नाही हो. हौसेने घालणारीला माझा विरोध नाही, मीही नटते. प्रश्न आहे तो ज्यांना हौस नसताना घालावे लागतात त्यांचा.

माझी भाची ठाण्यात एका दागिन्यांच्या शोरूममध्ये काउंटरला आहे (नाव लिहीत नाही, तिला नोकरी टिकवायचीये). ड्रेसकोड म्हणजे एकसारखी साडी, अंबाडा, आणि काळे हील्स, फ्लॅट चालत नाहीत. सकाळी शटर वर गेल्यापासून रात्री ट्रे मोजून तिजोरीत जाईपर्यंत या मुली उभ्या. गिऱ्हाईक नसलं तरी उभ्या, कारण बसलेली मुलगी आळशी दिसते म्हणे. मी एकदा दुपारी तिला डबा द्यायला गेले तर मागच्या पॅन्ट्रीत चौघीजणी सँडल काढून नुसत्या थंड फरशीवर पाय ठेवून जेवत होत्या, एकीच्या टाचेवरची बँडेडची पट्टी साडीच्या फॉलला चिकटून निघाली होती आणि ती एका हाताने पोळी खात दुसऱ्या हाताने तीच पट्टी परत दाबून बसवत होती. पाच मिनिटांत बेल वाजली, चौघी परत उंच होऊन बाहेर. हसऱ्या.

गंमत बघा, काउंटर कमरेच्या वर. गिऱ्हाइकाला या मुलींचे पाय दिसतच नाहीत! तो हारांचा ट्रे बघतो, फार तर मुलीचा चेहरा बघतो. मग ती टाच नेमकी कुणासाठी?

लोकलने जाणाऱ्या बायकांनी याचं उत्तर केव्हाच काढलंय. डोंबिवली फास्टमध्ये चढायचं, चौथ्या सीटवर अर्धं टेकायचं, दादरचा पूल चढायचा, हे हील्सवर होत नाही, म्हणून सगळ्या साध्या चपला नाहीतर स्पोर्ट्स शूज घालून येतात आणि हील्स पर्समध्ये पिशवीत, नाहीतर ऑफिसच्या टेबलाखाली कायमच्या मुक्कामाला. साहेब आले की पाय सरकवायचे, गेले की काढायचे. म्हणजे कामासाठी त्याची गरज नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त नियम बदलायचा कुणी हा प्रश्न आहे.

बाहेरच्या देशांत यावर बरंच झालंय. लंडनमध्ये 2015 साली एका रिसेप्शनिस्टला हील्स घालायला नकार दिला म्हणून पहिल्याच दिवशी बिनपगारी घरी पाठवलं, तिने याचिका काढली, दीड लाखावर सह्या झाल्या, 2017 मध्ये पार्लमेंटात चर्चा झाली आणि सरकार शेवटी म्हणालं आहे तो कायदा पुरेसा आहे (सरकारं सगळीकडे सारखीच). पण त्याच वर्षी फिलिपिन्सने आदेशच काढला की नोकरीच्या ठिकाणी एक इंचापेक्षा उंच टाचेची सक्ती करायची नाही, आणि कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानेही सक्ती बंद केली. जपानमध्ये 2019 मध्ये बायकांनी मोहीम चालवली, तिथले कामगारमंत्री तेव्हा सक्तीच्या बाजूनेच बोलले, तरी पुढच्याच वर्षी जपान एअरलाइन्सने आपल्या हवाई सुंदरींना हील्समधून मोकळं केलं. एवढं लांब नको जायला, केरळमध्ये कापडदुकानांतल्या सेल्सगर्ल बसायचा हक्क मागत रस्त्यावर आल्या आणि 2018 मध्ये कायदा बदलून घेतला, 2021 मध्ये तामिळनाडूनेही तेच केलं. आपल्याकडे संध्याकाळी कुठल्याही मोठ्या दुकानात जा आणि काउंटरमागे किती स्टुलं दिसतात ते मोजा.

आणि टाच ही काही बायकांची जन्मजात वस्तू नाही बरं का. ती मुळात इराणी घोडेस्वारांची, रिकिबीत पाय अडकून राहावा म्हणून. तिथून ती युरोपात गेली आणि फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचांचे बूट घालून मिरवायचा. पुरुषांनी सोयीस्करपणे सोडून दिली आणि आमच्या गळ्यात, म्हणजे पायात आली.

आता स्टाइलचं. फ्लॅट म्हणजे काकूबाई हे डोक्यातून काढायला हवं. ब्लॉक हील आहे, वेजेस आहेत, बेली आहेत, मोजडी आहे, लोफर आहेत, साडीवर पांढरे स्नीकर्स घालून मिरवणाऱ्या नवऱ्या आता दिसतात आणि छान दिसतात. आपली कोल्हापुरी तर आहेच, कापशी घ्या, बक्कलनाळी घ्या, पुकरी घ्या. 2019 मध्ये तिला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आणि गेल्या वर्षी-दोन वर्षांत काय झालं ते सगळ्यांनी वाचलंच, जून 2025 मध्ये प्राडा या बड्या इटालियन फॅशन कंपनीने मिलानमध्ये पुरुषांच्या शोमध्ये तशीच चप्पल रॅम्पवर चालवली, कोल्हापूरचं नाव न घेता, मग इथून बोंब झाल्यावर मान्य केलं. जगातल्या बड्या फॅशनवाल्यांना सपाट चप्पल स्टायलिश वाटते आणि आमच्या ठाण्याच्या शोरूमला वाटत नाही!

पण खरं तेही सांगते, नवी कोल्हापुरीही चावते. अंगठ्यापाशी आणि पट्ट्याखाली दोन-चार दिवस तेल चोळून घरात वापरावी, मग ती पायाची होते. पावसात घालू नये. आणि दिवसभर उभं राहणाऱ्या, टाच दुखणाऱ्या बाईला तिचा कडक सपाट तळ सोसेलच असं नाही. अगदी पातळ, पत्र्यासारखी फ्लॅट चप्पलही वाईटच. माझ्या मते एखाद इंचाची रुंद टाच, आत जरा गादी, पुढे बोटं हलवता येतील एवढी जागा आणि मागे पट्टा, एवढं असलं की उभ्या नोकरीला पुरतं, आणि हे सगळं असलेले सुंदर काळे सँडल बाजारात मिळतात, शोधायची तयारी पाहिजे.

घेताना संध्याकाळी घ्यायला जा कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळी फिट बसलेली रात्री आवळते. घरी कागदावर उभं राहून दोन्ही पायांची पेन्सिलने रेघ काढायची आणि दुकानात सँडल त्यावर ठेवून बघायची, रेघ बाहेर दिसली की तो जोड परत कपाटात, कितीही आवडला असला तरी. आपल्या पायांचा पंजा रुंद असतो हे काही माझं म्हणणं नाही, चेन्नईच्या चर्मसंशोधन संस्थेने देशभर लाखभर लोकांचे पाय मोजले त्यातही तेच निघालं, आणि आपण अजून इंग्रजांच्या नंबरांत पाय कोंबतोय. रुंदी पुरत नाही म्हणून एक नंबर मोठा घ्यायचा, मग हील्समध्ये पाय पुढे घसरतो आणि बोटं आणखी चेपतात.

आणि साडीचं म्हणाल तर फ्लॅटवर साडी लोळते ही तक्रार खोटी नाही, पण ती साडी नेसण्याच्या क्रमाची आहे. आमच्या पार्लरवाल्या ताई निऱ्यांना हात लावायच्या आधी दरडावतात, जे घालायचंय ते पायात घाल मग समोर ये. फ्लॅट घालून नेसली की काठ बरोबर चपलेवर टेकतो.

राहिली उंची. मुलगा सहा फुटी आहे तर फोटोत शोभायला नको का, हे आमच्याकडे प्रत्येक लग्नात कुणीतरी मावशी म्हणतेच. शोभू दे की, फोटोग्राफरला सांगा नवऱ्याला एक पायरी खाली उभं कर.

भाचीने तिच्या मॅनेजरला हे सगळं सांगून बघितलं, नीटनेटके काळे सँडल घालू, टाच एक इंचाची असू दे, एवढंच. तो भला माणूस आहे, म्हणाला मला पटतंय पण हे वरून आलं पाहिजे. वरची माणसं तुमचा पेपर वाचतात असं ऐकून आहे, म्हणून हे पत्र तुमच्याकडे.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)