पिंजऱ्यातला जिताडा कशाने मरतो?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

खाडीतल्या पिंजऱ्यांमध्ये पाळलेला जिताडा मासा मेल्याची बातमी आली की तिच्यात ‘अज्ञात रोग’ हे शब्द हमखास असतात. पुष्कळदा कारण माशाच्या अंगावरच असते. मासा जिवंत असताना ते कुणी पाहिलेले नसते.

पावसाळ्यात कोकणातल्या खाड्या गोड्या होतात आणि समुद्री परजीवी आपोआप घटतात. फेब्रुवारी ते मे या काळात क्षारता हजारी ३० च्या आसपास पोहोचते, पाणी तापते, भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत प्रवाह मंदावतो. त्यातच जाळ्याची आस, म्हणजे भोके, शेवाळ-शिंपल्यांनी बुजली असेल तर पहाटे पिंजऱ्यातला प्राणवायू लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकतो. मासा ताणाखाली येतो, शरीरात कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक वाढते, तो खाणे टाकतो आणि कातडीवरचे बुळबुळीत संरक्षण दुबळे पडते. एरवी चार-पाच परजीवी सहज वागवणाऱ्या माशावर आता त्यांची गर्दी होते. तो जाळ्याला अंग घासतो, खवले निघतात, जखमांतून व्हिब्रिओ जिवाणू शिरतात. तपासणीत मग हा जिवाणूच सापडतो आणि खाद्यातून प्रतिजैविके सुरू होतात. परजीवीला त्यांनी काहीही होत नाही.

अशा परजीवींपैकी निओबेनेडेनिया हा चपटा कृमी जवळजवळ पारदर्शक असतो, म्हणून खाऱ्या पाण्यात दिसतच नाही. दर पंधरवड्याला पाच मासे गडद रंगाच्या टबात, गोड्या पाण्यात पाच मिनिटे ठेवावेत. कृमी पांढरे होऊन गळतात, ते मोजून वहीत लिहावेत. आकडा वाढू लागला की उपचार करावा, डोळे पांढुरके होईपर्यंत थांबू नये.

उपचार म्हणजे गोड्या पाण्याची आंघोळ, पाच ते दहा मिनिटे. जिताड्याला ती सोसते. मासे मरतात ते घाईमुळे. आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवावे, कारण भरल्या पोटी माशाला प्राणवायू जास्त लागतो. टँकरच्या पाण्यातले क्लोरीन आधी घालवावे, खाडीच्या आणि आंघोळीच्या टाकीतल्या पाण्याच्या तापमानात दोन अंशांहून अधिक फरक नसावा, एअरेटर सतत चालू असावा आणि १००० लिटरला ३० किलोपेक्षा जास्त मासे घेऊ नयेत. काम उन्हे चढण्याआधी संपवावे. टाकीतले पाणी खाडीत न सोडता किनाऱ्यापासून दूर जमिनीवर ओतावे, कारण गोड्या पाण्याने कृमी मरतो, अंडी मरत नाहीत.

सगळ्यात महाग पडणारी चूक यानंतर होते: आंघोळ घातलेले मासे त्याच जाळ्यात परत सोडले जातात. या अंड्यांना लांब धागे असतात आणि ती जाळ्यात गुंतून राहतात. उबदार पाण्यात आठवड्याभरात ती फुटतात. म्हणून मासे धुतलेल्या, वाळलेल्या दुसऱ्या जाळ्यात जायला हवेत, जुने जाळे दोन-तीन दिवस कडक उन्हात पडायला हवे आणि सातव्या दिवशी, नवे कृमी अंडी घालू लागण्याआधी, दुसरी आंघोळ हवी.

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑनला, ही आंघोळ लागू पडत नाही. त्याचा परजीवी कातडीच्या आत दडतो, काही दिवसांनी सुटून तळाशी कोष करतो. बोटुकलीच्या, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांच्या, टाक्यांमध्ये मासे दर तीन दिवसांनी, असे चार वेळा, पूर्ण वाळवलेल्या टाकीत हलवले की त्याचे चक्र तुटते. खाडीत मात्र तळावरच्या कोषांपासून मासे दूर राहावेत म्हणून जागा निवडतानाच ओहोटीलाही जाळ्याखाली दोन-तीन मीटर पाणी राहील हे पाहावे लागते.

उपचाराचा ताणही जिवावर बेतू शकतो. नॉर्वेत २०२३ मध्ये समुद्रातल्या पिंजऱ्यांत सुमारे ६.२८ कोटी सालमन मेले. सागरी उवा (सालमनच्या अंगावरचे परजीवी) काढण्यासाठी मासे गरम पाण्यातून वा यंत्रातून काढताना होणाऱ्या इजा हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

म्हणून पिंजरा, बीज आणि खाद्य यांच्या जोडीला पिंजऱ्यात मासे पाळणाऱ्या प्रत्येक गटाकडे प्राणवायू-मापक, क्षारता-मापक आणि एक जादा जाळे असलेच पाहिजे. अनुदान देताना शासनाने हा खर्च धरावा. किनाऱ्यावरच्या प्रत्येक तालुक्यात एक सूक्ष्मदर्शक आणि तो वापरणारा माणूस द्यावा. बर्फात घालून दुसऱ्या दिवशी पोहोचलेल्या मेलेल्या माशावर काही मिळत नाही, कारण मासा मेला की परजीवी त्याला सोडून जातात. मलूल, पण जिवंत मासा काही तासांत भिंगाखाली यायला हवा.

आपला,
मत्स्यसंवर्धन क्षेत्रातील एक वाचक, सिंधुदुर्ग