फ्लो निगेटिव्ह आलंय, पण बायोप्सी येऊ दे

संज्या,

काल रात्री तुझा मेसेज बघितला, "फ्लो निगेटिव्ह आलं रे, बाबा सुटले". लगेच फोन करणार होतो पण काकू शेजारीच असणार, आणि मला जे सांगायचंय ते त्यांच्यासमोर नीट बोलता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

काकांचा लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, मॅरोत (हाडातल्या मगजात) पोचलाय का ते बघायला केलेली ही फ्लो सायटोमेट्री, म्हणजे मशीनवर एकेक पेशी तपासणं. रिपोर्ट चांगला आहे, मी दोनदा वाचला. पण अजून पेढे वाटू नका.

काकांच्या कमरेच्या हाडातून त्या दिवशी दोन गोष्टी काढल्यात. सिरिंजने ओढलं ते रक्तासारखं पातळ, ते आस्पिरेट, आमच्या फ्लोच्या मशीनला तेच लागतं. आणि जाड सुईने हाडाचा काडीसारखा तुकडा काढला, दीडदोन सेंटिमीटरचा, ती बायोप्सी. तिच्यातलं कॅल्शियम आधी काढावं लागतं, नाहीतर ती कापलीच जात नाही, म्हणून तिचा रिपोर्ट मागून येतो. तुझ्या हातात आलाय तो फक्त पहिल्याचा.

आम्ही काय करतो, तर पेशींना चमकणाऱ्या रंगांच्या अँटिबॉडी लावतो आणि लेझरसमोरून एकेक पेशी सोडतो, अशा लाखभर तरी बघतो. बी पेशी म्हणजे पांढऱ्या पेशींची एक जात, त्यातल्या प्रत्येक पिकलेल्या पेशीवर कॅपा नाहीतर लॅम्डा यातलं एकच प्रथिन असतं. निरोगी माणसात दोन्ही मिसळलेल्या, कॅपा थोड्या जास्त. लिम्फोमा म्हणजे एकाच पेशीची पिलावळ, त्यामुळे सगळ्या एकाच जातीच्या दिसतात. काकांच्या सॅम्पलमध्ये नीट मिसळ आहे. आणि ते सीडी १०, म्हणजे पेशीवरची एक खूण, गुगल करून तू रात्रभर जागलास ना, फॉलिक्युलरमध्ये, म्हणजे काकांच्या लिम्फोमाच्या जातीत, सीडी १० असतं हे खरंय, पण मॅरोत तयार होणाऱ्या कोवळ्या बी पेशींवरही ते असतंच, त्यांना हेमॅटोगोन म्हणतात. त्या ग्राफवर वाढत्या वयाच्या पोरांसारख्या ओळीने पसरलेल्या दिसतात, लिम्फोमाचा पुंजका वेगळा उठून दिसतो. रिपोर्टमध्ये हेमॅटोगोन स्पष्ट लिहिलंय, त्याची काळजी सोड.

आता माझी काळजी. फॉलिक्युलर लिम्फोमाला मॅरोमध्ये हाडाच्या पट्ट्यांना चिकटून बसायची सवय आहे, भोवती तंतूंचं जाळं विणतो, मग कितीही ओढलं तरी त्या पेशी सुटून सिरिंजमध्ये येत नाहीत. मशीनने खोटं सांगितलेलं नसतं, तिच्यापर्यंत त्या पोचलेल्याच नसतात. शिवाय जास्त ओढलं की नुसतं रक्तच येतं, मॅरो पातळ होतो. उलटंही होतं बरं का, बायोप्सीत काही दिसत नाही आणि फ्लोमध्ये छोटा पुंजका सापडतो. म्हणून दोन्ही एकत्र वाचायचे. पेट स्कॅनमध्ये हाडं क्लीन होती म्हणशील, पण या मंद जातीत मॅरोबद्दल पेटवर एवढा भरवसा ठेवत नाहीत.

हे सगळं एवढं का सांगतोय. काही वर्षांपूर्वी नात्यातल्या एका मावशींच्या मुलीने असंच विचारलं होतं, मी फ्लो बघून फोनवर "क्लीन आहे" म्हणून मोकळा झालो. चार दिवसांनी बायोप्सीत निघाला. ती मला एक शब्दही बोलली नाही, फक्त "दादा, आता आईला परत कसं सांगू" एवढंच विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरच्यांना एकदा सुटलात सांगून परत अडकवायचं, हे काकूंच्या बाबतीत नको व्हायला.

आणि समजा बायोप्सीत निघालाच, तर स्टेज ४ लिहितील. तो आकडा वाचून हबकू नकोस. फॉलिक्युलरवाल्यांत निम्म्याच्या आसपास लोकांच्या मॅरोत तो असतोच, आणि त्यातले कित्येक जण काही त्रास नसेल तर नुसते लक्ष ठेवून असतात, लगेच औषधही देत नाहीत. काकांची गाठ केवढी आहे, ताप, घाम, वजन, हिमोग्लोबिन, यावर डॉक्टर ठरवतील. काका रोज रंकाळ्याला फिरायला जातायत ना अजून? ते मला रिपोर्टइतकंच महत्त्वाचं वाटतं.

तेव्हा काकूंना एवढंच सांग, पहिला रिपोर्ट चांगला आलाय, दुसरा यायचाय. बायोप्सी आली की सगळी पानं पाठव, शेवटचं अर्धं पान तू नेहमी कापतोस, आणि तुकडा किती लांबीचा होता ते त्यातच लिहिलेलं असतं. शनिवारी मी घरीच आहे, कितीही वाजता कर.

काकांची सुई टोचलेली जागा अजून दुखतेय का?

तुझा,
मंद्या