सूचना : गडाच्या पदयात्रेला निघण्याआधी

सर्व पदयात्री सभासदांनो,

चैत्रोत्सवासाठी सप्तशृंगी गडाकडे जाताना खान्देशच्या उन्हामुळे आपण बरंच अंतर रात्री कापतो, आणि खरा धोका तेव्हाच असतो. ताशी ६० किमी वेगाची गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे येते. गडद कपड्यांतला माणूस ड्रायव्हरला दिसेपर्यंत ब्रेकला जागाच उरत नाही. म्हणून फूटपाथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरची वाहनं दिसतील असं, एकामागोमाग चाला. पाठीला आणि काठीला रेडियमची पट्टी हवीच. डीजेच्या गाडीमागे रस्ताभर पसरून नाचणं यंदा पूर्ण बंद. त्या आवाजात हॉर्न ऐकू येत नाही. साइडपट्टीवर कोणीही झोपू नये, अगदी पाच मिनिटंसुद्धा.

अपघात झालाच तर आधी १०८ ला फोन, मग ११२. जखमीला उपचार मिळवून देणं ही मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३४ नुसार चालकाची जबाबदारी आहे. मदत करणाऱ्याला मात्र नाव सांगायची सक्ती नाही, तेव्हा पोलिसांच्या धाकाने कोणी मागे सरू नका.

वाहन पळून गेलं तरी एफआयआर नोंदवाच. अशा प्रकरणात मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये भरपाईची तरतूद आहे. वाहन सापडलं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा. पायी चालणाऱ्याची चूक सिद्ध झाली तर भरपाई कमी होऊ शकते.

रेडियम पट्ट्या निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मंदिरात मिळतील. पट्टी नसलेल्याला रात्रीच्या टप्प्यात घेतलं जाणार नाही.