विषय : सेन्सर बसवलेल्या नी-कॅपच्या चुकीच्या नोंदींबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या कंपनीची ताणमापक सेन्सर बसवलेली नी-कॅप मी आईसाठी ११,८०० रुपयांना मागवली. तिच्या उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण बेळगावात झाले. आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. इथल्या पावसात तिला वरचेवर फिजिओथेरपिस्टकडे नेणे अवघड होते, म्हणून घरी व्यायाम करून गुडघा किती अंशांत वाकला ते मोबाइलवरून त्यांना कळवायचे, एवढ्यासाठीच ही खरेदी होती.

सहाव्या दिवशी ॲपवर १०४ अंश दिसले. आधी ९० अंश गाठायचे हे मनावर घेतलेल्या आईचे डोळे तो आकडा पाहून भरून आले आणि आम्हीही व्यायामाचा जोर कमी केला. दहा दिवसांनी तपासणीत गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचे साधन) लावला तेव्हा गुडघा ८६ अंशच वाकत होता. ते दहा दिवस आईला कोण परत देणार?

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. व्हर्नियर हे बारीक मापे घ्यायचे साधन शून्यावर परत येत नसेल, तर आम्ही त्याने एकही माप घेत नाही. आईचा पाय पलंगावर सरळ ठेवला तेव्हा ॲप शून्य दाखवत होते. वीस वेळा वाकवून पुन्हा सरळ केल्यावर तेच ॲप १४ अंश दाखवू लागले. अशा सेन्सरमधले वीजवाहक कण मिसळलेले रबर ताणले की त्याचा विद्युत रोध बदलतो आणि त्यावरून कोन काढला जातो, परंतु ताण सोडल्यावर असे रबर लगेच मूळ स्थितीत येत नाही. हा त्या पदार्थाचा गुणधर्म आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तो ठाऊक असूनही माहितीपुस्तिकेत केवळ 'दोन अंशांपर्यंत अचूक' असे छापले, याबद्दल आहे.

तीनदा फोन केल्यावर तिन्ही वेळा 'नी-कॅप घट्ट बसवा' एवढेच उत्तर मिळाले. टाके नुकतेच निघालेल्या, सुजलेल्या गुडघ्यावर ती आणखी घट्ट कशी बसवायची?

पूर्ण रक्कम परत करावी आणि हा दोष इतर रुग्णांनाही ॲपवर स्पष्ट कळवावा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी बेळगाव जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. खरेदीची पावती व गोनिओमीटरच्या नोंदीची प्रत सोबत जोडली आहे.

आपला,
एक ग्राहक
(ता. खानापूर, जि. बेळगाव)