पाण्यावर गाडी चालत नाही हो

संपादक साहेब, नमस्कार.

मी इलेक्ट्रोलायझर (विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढणारं यंत्र) आणि फ्युएल सेल (हायड्रोजनपासून वीज करणारं यंत्र) बनवणाऱ्या टीममध्ये इंजिनिअर आहे, गाव सांगली. सुट्टीला घरी आलो की प्रश्न ठरलेला, "काय रे, ती पाण्यावरची गाडी कधी येणार?" व्हॉट्सॲपवरच्या व्हिडिओंची कृपा, दुसरं काय. पाणी हे इंधन नाही, ती हायड्रोजन जळून उरलेली राखच म्हणा. त्यातून परत हायड्रोजन काढायला किलोमागे साधारण 50 ते 55 युनिट वीज घालावी लागते आणि तोच किलो फ्युएल सेलमध्ये घातला की हातात येतात जेमतेम 16-18 युनिट, बाकीची उष्णता होऊन जाते, म्हणून जिथं बॅटरीवर भागतंय तिथं स्कूटरला हायड्रोजन लावणं मला तरी पटत नाही. खत कारखाने आणि रिफायनरी आज नैसर्गिक वायूपासून काढलेला हायड्रोजन वापरतात, आधी त्याच्या जागी ग्रीन, म्हणजे स्वच्छ विजेवर पाण्यातून काढलेला हायड्रोजन आणा ना.

हायड्रोजन बनवण्यात कृष्णेचं पाणी संपेल अशीही भीती ऐकतो. रसायनशास्त्राच्या हिशोबाने किलोला 9 लिटर, शुद्धीकरण आणि कूलिंग धरून जास्त. जत-आटपाडीसारख्या दुष्काळी भागात हे विचारायलाच पाहिजे, पण खरी मेख विजेत आहे, कोळशाची वीज लावली तर ग्रीन कसलं?

केंद्राने जानेवारी 2023 मध्ये 19,744 कोटींचं ग्रीन हायड्रोजन मिशन मंजूर केलं, लक्ष्य 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन ग्रीन हायड्रोजन. त्याला लागणाऱ्या यंत्रांचं निकेल प्लेटिंग, गॅस्केट, न गळणारी फिटिंग ही कामं कुपवाड-मिरजेच्या वर्कशॉपला जमण्यासारखी आहेत. तुमच्या पेपरने त्यांची आणि वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांची एक बैठक घडवावी, मी येईन.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली