चिपचा कारखाना पाण्यावर अडतो

गुजरातमधील धोलेऱ्याच्या चिप कारखान्याची चर्चा ९१ हजार कोटींची गुंतवणूक आणि २८ नॅनोमीटर (चिप किती सूक्ष्म तंत्राची, ते सांगणारे माप) या दोन आकड्यांपुढे जातच नाही. घोडे अडते ते पाण्यावर आणि विजेवर. वेफर, म्हणजे जिच्यावर चिपा घडवतात ती सिलिकॉनची पातळ चकती, धुण्याच्या पाण्याची रोधकता (विजेला होणारा विरोध) १८.२ मेगाओम-सेंटिमीटर लागते, म्हणजे क्षार जवळपास शून्य. त्यासाठी आरओ, आयन-विनिमय, अतिनील किरण, अतिसूक्ष्म गाळणी अशी साखळी असते. त्यातून सिलिका (वाळूतला मुख्य घटक) निसटली, की वेफर सुकताना डाग उमटतो आणि तेवढ्या चिपा बाद. डाग डोळ्यांना दिसतही नाही!

विजेचे दुखणे वेगळे. चिप बनवणाऱ्या यंत्रांसाठीच्या ‘सेमी एफ-४७’ मानकानुसार विजेचा दाब निम्म्यावर आला तर यंत्राने ०.२ सेकंद तग धरायची असते. घट त्याहून लांबली, की यंत्र बंद पडू शकते. घरी दिवा नुसता लुकलुकतो; इथे अर्धवट प्रक्रिया झालेले वेफर भंगारात जातात, आणि एकेका वेफरवर दोन-तीन महिने शेकडो टप्प्यांचे काम चाललेले असते. म्हणून दोन स्वतंत्र उपकेंद्रांतून वीज हवी. उद्घाटनाच्या तारखांऐवजी सरकारने दर तिमाहीला निर्दोष चिपांची टक्केवारी जाहीर करावी.

– एक वाचक