खिडक्या बदलताना वाऱ्याचाही विचार करा

संपादक महोदय,

आमच्या दादरच्या जुन्या बिल्डिंगमध्ये सध्या जो तो लोखंडी खिडक्या काढून अल्युमिनियमच्या स्लायडिंग लावतोय, आणि बरोबरच आहे म्हणा, खाऱ्या हवेने आमच्या चौकटीचा खालचा दांडा पार पोखरला होता, बोट लावलं की गंजाचे पापुद्रे हातात. पण जुनी खिडकी दोन्ही पल्ले ढकलले की सताड उघडायची, टू-ट्रॅक स्लायडिंग, म्हणजे दोन रुळांवर सरकणाऱ्या दोन पल्ल्यांची खिडकी, अर्धीच उघडते, म्हणजे वारा अर्धा! हे आधी कोणी सांगतच नाही. आम्ही हट्टाने अल्युमिनियमचे उघडणारे पल्लेच करून घेतले. स्लायडिंगच हवी असेल तर खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जायला भोकं आहेत ना ते बघाच, शेजारच्या काकूंकडे जुलैत ट्रॅक भरून पाणी थेट गादीवर आलं. आणि सेक्शनची, म्हणजे चौकटी-पल्ल्यांच्या अल्युमिनियम पट्ट्यांची, जाडी कोटेशनवर लिहून घ्या.

– एक वाचक, दादर